खालचा थर

यमुनाबाई खुर्चीत बसल्या, दिवा तोंडावर आला, गळ्यात कागदी रुमाल अडकवून झाला, आणि मग त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आ करा," डॉक्टर विनीता म्हणाली.

यमुनाबाईंनी मान हलवली. नाही.

"दुखतंय ना? मग आ करा. बाहेर सात माणसं बसली आहेत."

"आधी माझ्या झिलाक आत बोलय," ओठ जेमतेम हलवत त्या म्हणाल्या. "तेच्यासमोर बघ काय बघूचा तां."

"मुलाला काय, आत मी कोणालाच घेत नाही. नियम आहे माझा."

"फोनार बोललंस तेवा खंय होतो तुझो नियम?"

कोणता फोन ते विनीताला आठवेना. दिवसाला तीसेक फोन येतात, निम्मे तोंडात घास असताना येतात. तिने हातमोजे ओढून नीट केले आणि मदतनीस किशोरीकडे पाहिलं. किशोरी ट्रेमधला कापूस मोजत असल्यासारखी खाली बघत होती.

"श्रावणात," यमुनाबाई म्हणाल्या. "दाढ ठणकाक लागली म्हणान सुशांतान तुका फोन लावल्यान. सगळी जेवक बसली होती. सून होती, नात होती. तेना फोन स्पीकरार ठेवल्यान. आणि तू काय बोललंस?" इथे त्या थांबल्या आणि विनीताचं वाक्य विनीताच्याच शुद्ध मराठीत, तिच्याच फणकाऱ्यासकट म्हणून दाखवलं. "'मशेरी परत सुरू केली असेल त्यांनी. माझं फिलिंग असं गळत नाही.'"

वाक्य ओळखीचं होतं. इतकं ओळखीचं की नाकारण्यात अर्थ नव्हता.

विनीता मूळची सावंतवाडीची. मालवणात दवाखाना थाटून तिला चौदा वर्षं झाली होती, आणि या चौदा वर्षांत तिच्या हाताचं आणि जिभेचं नाव सारखंच झालं होतं. हात हलका, जीभ जड. देवबागपासून आचऱ्यापर्यंतची माणसं हातासाठी यायची आणि जीभ सोसायची. दाताच्या भरणीला कोणी सिमिट म्हटलं की तिच्या मस्तकात तिडीक जायची. सुपारीवाला दिसला की ती आधी पाच मिनिटं बोलायची आणि मग आरसा उचलायची. मशेरी लावणाऱ्या बायकांवर तर तिचा विशेष राग. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने दातांवर चोळत तासन् तास बसणाऱ्या बायका तिने इतक्या पाहिल्या होत्या, आणि त्यांच्या हिरड्यांची अवस्थाही, की तिने स्वतःचा एक कायदाच केला होता. फिलिंग हवं असेल तर मशेरीची डबी इथे ठेवायची. डबीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव आणि तारीख. टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात अशा तेवीस डब्या होत्या. एकदा एका वार्ताहराने त्या खणाचा फोटो काढून नेला होता, आणि तो छापून आल्यावर त्याचं कात्रण बाहेर भिंतीवर लावलेलं होतं.

त्या तेविसांत एक डबी यमुनाबाईंची होती.

"दीड वरीस झाला," यमुनाबाई सांगत होत्या. "पस्तीस वर्सां लावी होतंय. तू म्हणालंस, मशेरी लावलास तर ह्यां टिकूचा नाय. मी सोडलंय. पयलो म्हयनो टकलां फुटाक इलां. माशांच्या लिलावात उभ्या उभ्या भांडलंय सगळ्यांशी. पण बोट लावूक नाय. आणि तुझ्या एका फोनान माझ्या घरात मी खोटारडी झालंय."

"कोणी म्हटलं तुम्हाला खोटारडी?"

"म्हणाक कशाक होया? सून, पूजा, माझी वळकटी झाडता. माशांची पाटी उलटी करून बघता." त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "नात माझी सात वर्सांची. तन्वी. मांडयेर बसाच्या आधी माझा बोट हुंगता. आवशीन शिकवल्यान तिका. हुंगता, आणि मगे बसता."

किशोरीचा कापूस मोजून संपला होता, तरी तिने मान वर केली नाही.

"बरं," विनीता म्हणाली. ती चिडली होती. कशावर चिडली होती ते तिलाही नीट सांगता आलं नसतं, पण बाहेर सात माणसं होती आणि सकाळचे साडेअकरा वाजले होते. "मला आधी दाढ बघू द्या. बघितल्याशिवाय मी मुलाला काय सांगणार?"

हे म्हणणं यमुनाबाईंना पटलं असावं. त्यांनी बराच वेळ विनीताच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

डावीकडची खालची दाढ. वरून फिलिंग शाबूत दिसत होतं, पांढरं, गुळगुळीत, जवळजवळ दाताच्याच रंगाचं. पण कडेने, दात आणि फिलिंग जिथे भेटतात तिथे, एक तपकिरी रेघ गोल फिरली होती. विनीताने सळईचं टोक त्या रेघेवर टेकवलं आणि ते आत रुतलं.

"कड काळी पडलीय," ती सवयीने म्हणाली. "मशेरीचा डाग असाच असतो."

यमुनाबाईंनी तिचं मनगट धरलं. माशांच्या पाट्या उचलणारा हात होता तो, विनीताला सळई बाहेर काढावी लागली.

"मी लावूक नाय."

"सगळ्या असंच सांगतात, यमुनाबाई."

"सगळ्यांचा माका सांगू नको. मी माझा सांगतंय."

विनीताने मनगट सोडवून घेतलं. तिने इंजेक्शन भरलं, नेहमीपेक्षा जोरात ट्रे सरकवला आणि हिरडीत सुई घातली. हात मात्र नेहमीसारखाच हलका पडला. चार-पाच मिनिटांनी यमुनाबाईंचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली. किशोरीने गालाआड कापसाची गुंडाळी बसवली आणि लाळ ओढणारी नळी ओठात अडकवली. आता त्यांना बोलता येणार नव्हतं. डोळे तेवढे विनीतावर रोखलेले राहिले. कोळणीचे डोळे, ताज्या आणि शिळ्या माशातला फरक दहा पावलांवरून सांगणारे.

ड्रिल सुरू झालं. वरचा थर कडक होता, पांढरी भुकटी उडाली, पाण्याबरोबर नळीत गेली. विनीताचं मन थोडं निवळलं. काम चांगलंच होतं. आपल्या हातचं काम आपल्याला ओळखू येतं, तशी तिला ती दाढ ओळखू आली. आता खाली कीड लागलेली असणार, ती साफ करायची, औषध भरायचं आणि मशेरीवर पाच मिनिटं बोलायचं.

मग ड्रिलचा आवाज बदलला.

तिने पेडलवरचा पाय उचलला. ड्रिल बाजूला ठेवून तिने चमच्याच्या आकाराची बारीक सळई घेतली आणि खाली खरवडलं. दात खरवडल्याचा आवाज आला नाही. सळईवर पांढरट, मऊ, शिळ्या मेणासारखा गोळा आला. तिने पुन्हा खरवडलं. पुन्हा तेच. त्याच्या खाली, दाढेच्या तळाशी, कीड ओलसर काळी पसरलेली होती.

किशोरीने सळईच्या टोकाकडे पाहिलं. मग तिची नजर भिंतीवरच्या कपाटाकडे गेली आणि लगेच परत आली.

त्या कपाटात जुना दिवा पडला होता.

या पांढऱ्या भरणीचं सगळं काम दिव्यावर चालतं. मऊ लगदा दाताच्या खड्ड्यात थोडा थोडा भरायचा आणि प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरायचा. प्रकाश पुरेसा पडला की लगदा दगडासारखा घट्ट होतो आणि दाताला धरतो. पुरेसा पडला नाही, तर वरचा पापुद्रा घट्ट होतो आणि खालचा थर मऊ राहतो. मऊ थर दाताला धरत नाही. केसाएवढी फट राहते, आणि मग चहा, आमटी, लाळ, सगळं त्या फटीतून गुपचूप आत जात राहतं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. विनीताला हे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासून पाठ होतं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर सामान विकणारा माणूस आला होता. त्याच्याकडे दिव्याची ताकद मोजायचं यंत्र होतं. त्याने सहज म्हणून दिवा त्यावर धरला आणि हसला. 'मॅडम, हा अर्ध्याच्याही खाली आहे. निळं दिसतं म्हणून कळत नाही.' तिने दुसऱ्या दिवशी नवा मागवला आणि जुना कपाटात टाकला. जुना दिवा काही त्याच दिवशी मेला नव्हता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण कामं होती, बाहेर नेहमी माणसं बसलेली असायची, आणि हा विचारही तिने त्यांच्यासारखाच बाहेर बसवून ठेवला.

यमुनाबाईंची दाढ तिने त्याच वर्षीच्या मे महिन्यात भरली होती.

ती सळई हातात धरून बसली. काही न बोलता कीड साफ करता आली असती. कीड तर होतीच, खोटं काहीच बोलावं लागलं नसतं. यमुनाबाईंना दाढेतलं दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं. किशोरी कधीच बोलली नसती, ती नऊ वर्षांत बोलली नव्हती. विनीताला अतोनात राग आला. त्या दिव्याचा, त्या हसणाऱ्या विक्रेत्याचा, वर टक लावून बघणाऱ्या या बाईचा. आणि एवढं सगळं फिरून राग परत आला तेव्हा त्याला बसायला एकच जागा उरली होती.

"किशोरी," ती म्हणाली. "यांच्या मुलाला आत बोलाव."

सुशांत आत आला तो हातातल्या फोनकडे बघत. देवबागला त्याची पर्यटकांची होडी होती, डॉल्फिन बघायला आलेली पुण्याची मंडळी किनाऱ्यावर खोळंबली होती, आणि ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं.

"लावल्यान मा परत?" त्याने विचारलं. "मी सांगी होतंय घरात. आये, कित्याक ह्यां करतंस गो?"

तोंडात नळी घेऊन यमुनाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मुठी मांडीवर आवळलेल्या होत्या.

"इकडे ये," विनीता म्हणाली. "हे बघ."

त्याने सळईचं टोक पाहिलं. त्याला काही कळलं नाही.

"हे मी भरलेलं फिलिंग आहे. वर कडक झालं, खाली मऊ राहिलं. हे दिव्याने घट्ट करतात. माझा तेव्हाचा दिवा निकामी झाला होता आणि मी तो तपासला नव्हता. त्यामुळे हे दाताला धरलंच नाही. पहिल्या दिवसापासून आत फट होती. त्यातून कीड गेली."

"म्हंजे मशेरी—"

"मशेरीचो काय संबंध नाय," विनीता म्हणाली.

किशोरीने चमकून वर पाहिलं. दवाखान्यात डॉक्टरांच्या तोंडून मालवणी तिने कधी ऐकली नव्हती.

"चूक माझी आसा," विनीता पुढे म्हणाली. तिचे कान तापले होते. "तुझी आवस खरां सांगी होती. मी फोनार बोललंय तां न बघता बोललंय. आता, पाच मिन्टांपूर्वी, परत एकदा बोललंय. तां पण न बघताच."

सुशांतने फोन खिशात टाकला. जमिनीकडे पाहिलं. मग आईच्या पायांकडे, कारण त्याहून वर त्याची नजर जाईना.

यमुनाबाईंनी नळी स्वतःच ओठातून काढली आणि हात पुढे केला. विनीताला आधी कळलं नाही, मग तिने सळई त्यांच्या हातात दिली. यमुनाबाईंनी तो पांढरा गोळा अंगठा आणि तर्जनीत घेऊन चुरडून पाहिला. त्यांच्या नवऱ्याची लाकडी होडी होती. फळ्यांच्या फटीत कापूस आणि राळ भरताना त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं.

"वरसून सुकी, आत वली," बधिर जिभेने त्या अडखळत म्हणाल्या. "होडयेची फट कोणी अशी भरल्यान, तर माझो घोव तेका धरून दर्यात ढकली."

विनीताने सळई परत घेऊन ट्रेमध्ये ठेवली.

"आये," सुशांत म्हणाला, "माका काय..."

"माका सांगू नको. घराक जावन सांग." त्यांचा ओठ एका बाजूने लोंबत होता आणि शब्द ओले होऊन बाहेर पडत होते, पण एकही शब्द त्यांनी गिळला नाही. "रातचा जेवतत तेवा सांग, सगळी बसतत तेवा. पूजाक सांग. तन्वीक जवळ घेवन सांग. फोन ठेवलंस तसोच मधी बसान मोठ्यान सांग."

"सांगतंय."

"आता भायर जा."

तो गेला. विनीताने उरलेली कीड साफ केली. नसेच्या फार जवळ गेली होती. तिने औषध भरून दाढ तात्पुरती बंद केली, आठ दिवसांनी यायला सांगितलं, नस वाचली नाही तर काय करावं लागेल तेही सांगितलं. पुढचं सगळं मी करीन, म्हणाली. यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. माफ केलं असं त्यांनी कुठे म्हटलं नाही, आणि चेहऱ्यावरही तसं काही दिसत नव्हतं. खुर्चीतून उतरून त्यांनी लुगड्याचा काष्टा नीट केला.

"माझी डबी," त्या म्हणाल्या.

"काकीनू, आता इतक्या दिवसांनी परत..." विनीताच्या तोंडून निघालं, आणि तिने पुढचं वाक्य दातांखाली धरलं.

ती टेबलाशी वाकली. खालचा खण ओढताना अडला, मग खडखडत उघडला. पत्र्याच्या, प्लॅस्टिकच्या डब्या, एक तर जुना पावडरचा डबाच. पट्टीवर 'दत्तारामची आई' लिहिलेली एक डबी वर होती. यमुनाबाईंची तळाशी सापडली. चिकटपट्टी पिवळी पडली होती पण कुठून सुटली नव्हती.

यमुनाबाईंनी डबी कानाशी हलवून पाहिली. भरलेली होती.

"लावूची आसती तर बाजारात दहा रुपयाक गावता," त्या म्हणाल्या. "ही मी लावूक नेणंय नाय. चुलीच्या वर फळी आसा, थंय ठेवतलंय. अशीच. पट्टी काढूचंय नाय. येता-जाता सगळ्यांका दिसाक होयी. मी सोडलंय तां मी सोडलंय, तू काढून घेतलंस म्हणान नाय."

डबी त्यांनी कमरेला खोचली नाही. हातात, सगळ्यांना दिसेल अशी धरून त्या बाहेर बसलेल्या सात माणसांसमोरून गेल्या. विनीताला उघड्या दारातून दिसलं, की भिंतीवरच्या कात्रणासमोर त्या क्षणभर थांबल्या. वाचता त्यांना येत नव्हतं. खणाचा फोटो मात्र ओळखता आला असणार.

"पुढचा पेशंट पाठवू?" किशोरीने विचारलं.

"थांब जरा. आणि ते बाहेरचं कात्रण काढ."

विनीताने गेल्या वर्षीची वही काढली. दिवा बदलल्याच्या दिवसापासून ती मागे मागे पानं उलटत गेली. ऑगस्ट, जुलै, जून, मे. पांढरी फिलिंग पुष्कळ होती. त्यांतली काही माणसं पुन्हा तक्रार घेऊन आली होती, आणि त्यांच्या नावापुढे तिने लाल शाईत कारण लिहून ठेवलं होतं. मशेरी. सुपारी. मशेरी. गोड खातो. अक्षर सुरेख होतं, एकाही ठिकाणी खाडाखोड नव्हती.

एका नावापाशी ती थांबली. महादू, कोळंब. चिऱ्यांच्या खाणीवर कामाला. उजवी दाढ, फिलिंग निघालं, दात काढावा लागला. सुपारी. आणि त्यापुढे, दोनदा अधोरेखित केलेलं: ऐकत नाही.

तिने हातमोजे काढले आणि नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग खाणीतल्या यंत्राचा घरघराट ऐकू आला आणि त्यातून ओरडून बोलणारा महादूचा आवाज.

"कोण?"

"महादू, मी डॉक्टर विनीता बोलतेय. मालवणातून."

पलीकडे तो गडबडीने कुठेतरी आडोशाला गेला असावा, कारण यंत्राचा आवाज कमी झाला. ती पुढचं काही बोलायच्या आत तोच बोलू लागला.

"डाक्टरीण बाय, देवाशपथ सांगतंय," तो म्हणाला. "सुपारी मी तेवाच सोडलेलंय."